साईट सुरू आहे, पण मालकालाच दिसत नाही : होस्टिंग व्यवसायासाठी तिकीट सॉफ्टवेअर निवडताना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या कार्यालयातून सकाळी साडेदहाला आमच्याकडे, म्हणजे ग्राहकांच्या वेबसाईट व मेल सर्व्हरवर ठेवून चालवणाऱ्या होस्टिंगच्या कार्यालयात, फोन आला, "भाऊ, मन्ही साईट उघडत नही." फोन घेणाऱ्या मुलाने आपल्या संगणकावर ती साईट उघडून पाहिली आणि ती व्यवस्थित चालू असल्याचे सांगितले, त्यावर मालक चिडले. दुपारी पाळी बदलली, तेव्हा त्याच कार्यालयातील हिशेबनीसाचा फोन दुसऱ्या मुलाने घेतला आणि सकाळी काय बोलणे झाले हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्यापासून तेच प्रश्न विचारले. संध्याकाळी उलगडा झाला तो असा : कार्यालयातील कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ईमेलचा जुना पासवर्ड तसाच राहिला होता, तो मोबाइल दर काही मिनिटांनी चुकीच्या पासवर्डने मेल तपासत होता, सर्व्हरच्या फायरवॉलला, म्हणजे पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला, हा घुसखोरीचा प्रयत्न वाटला आणि तिने त्या कार्यालयाचा आयपी पत्ताच (इंटरनेटवरील क्रमांकच) अडवला. साऱ्या जगाला दिसणारी साईट एकट्या मालकालाच दिसेनाशी झाली होती. आयपी मोकळा करायला दोन मिनिटे पुरली. कारण शोधण्यात मात्र दिवस गेला. अधिक लाजिरवाणी गोष्ट पुढे कळली. दोन महिन्यांपूर्वी याच ग्राहकाला हाच त्रास झाला होता आणि त्याचा उपाय नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून होता.

खानदेशातील होस्टिंगचा व्यवसाय बहुधा असाच असतो. दोन ते पाच माणसांचे कार्यालय, मुंबईतील किंवा परदेशातील डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले सर्व्हर किंवा मोठ्या कंपनीकडून पुढे विकण्यासाठी घेतलेले रीसेलर खाते, आणि ग्राहकांत शाळा, पतसंस्था, सराफ, रावेर-सावद्याकडचे केळी व्यापारी, दवाखाने. पहिल्या पन्नास-शंभर ग्राहकांपर्यंत मालकाची स्मरणशक्ती हेच सॉफ्टवेअर असते आणि ते चांगले चालते. त्यापुढे ते चालत नाही, हे बहुतेकांना एखादा मोठा ग्राहक सोडून गेल्यावर समजते.

तिकीट या शब्दामुळे अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून दवाखान्यातील केसपेपर डोळ्यांसमोर आणावा. रुग्ण आला की त्याचा कागद निघतो, त्यावर क्रमांक पडतो, कोणत्या विभागात जायचे ते ठरते, तपासणाऱ्याने काय पाहिले आणि काय दिले ते त्यावर लिहिले जाते. डॉक्टर बदलले तरी कागद तोच राहतो. तिकीट सॉफ्टवेअर हेच करते. ग्राहकाची तक्रार मेलने, फॉर्मवरून किंवा फोनवरून आली की तिला क्रमांक मिळतो, ती बिल, तांत्रिक किंवा विक्री अशा विभागात जाते, आणि ती उघडी आहे, आपण उत्तर दिले आहे, ग्राहकाचे उत्तर आले आहे की ती बंद झाली आहे, हे एका नजरेत दिसते. केसपेपरवर नसलेली एक सोय येथे असते : ग्राहकाला न दिसणारी आतली टीप. "या कार्यालयाचा आयपी वारंवार अडकतो, आधी तोच तपासा" एवढी एक ओळ डाळ मिलच्या खात्यावर असती, तर दुपारच्या मुलाचे काम फोन चालू असतानाच संपले असते.

आता निवडीकडे वळू. बाजारातील प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या वैशिष्ट्यांची लांबलचक यादी दाखवते आणि नवखा व्यावसायिक त्या याद्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करतो. माझ्या मते येथेच वाट चुकते. होस्टिंगच्या तक्रारीचे उत्तर तक्रारीच्या मजकुरात क्वचितच असते. "साईट बंद आहे" या तीन शब्दांमागे बिल थकल्यामुळे खाते निलंबित होणे, डोमेनची (साईटच्या नोंदवलेल्या नावाची) मुदत संपणे, मेलने जागा भरणे, नव्या वेबसाईटवाल्याने नेमसर्व्हर (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणारी नोंद) बदलणे, साईट सुरक्षित असल्याचे सांगणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे नूतनीकरण अडकणे किंवा वर सांगितल्याप्रमाणे आयपी अडणे, यांपैकी काहीही असू शकते. यांतील पहिली दोन कारणे बिलाच्या नोंदीत सापडतात आणि उरलेली सर्व्हरवर किंवा डोमेनच्या नोंदींत. म्हणून तिकीट उघडल्याबरोबर त्याच पानावर ग्राहकाचे डोमेन, त्याचा प्लॅन, तो कोणत्या सर्व्हरवर आहे, त्याचे बिल भरले आहे की नाही आणि डोमेनची मुदत केव्हा संपते, एवढे दिसते का, हा निवडीचा पहिला आणि सर्वांत वजनदार प्रश्न आहे. डोमेनच्या बाबतीत तर उशीर थेट पैशांत मोजावा लागतो. मुदत संपल्यानंतरची रजिस्ट्रारची (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीची) सवलतही उलटली की .कॉम डोमेन ३० दिवसांच्या रिडेम्प्शन काळात जाते, तेथून ते सोडवून आणायला नेहमीच्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट शुल्क लागते, आणि त्यानंतर ५ दिवसांत ते पुसले जाऊन कोणालाही घेता येते. अशा ग्राहकाचे तिकीट "तांत्रिक" विभागात दोन दिवस पडून राहणे परवडत नाही.

या कसोटीवर पाहिले तर सॉफ्टवेअरची तीन घराणी दिसतात. पहिले घराणे होस्टिंगच्या बिलासाठीच जन्मलेले : डब्ल्यूएचएमसीएस, ब्लेस्टा, होस्टबिल. यांत बिल, डोमेन नोंदणी, सर्व्हरवर खाते तयार करणे आणि तिकीट हे सगळे एकाच छताखाली असते, त्यामुळे वरच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप "हो" येते. त्यांचा तिकीट विभाग दिसायला जुन्या वळणाचा आणि अहवालांच्या बाबतीत तोकडा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. डब्ल्यूएचएमसीएसचे शुल्क चालू ग्राहकांच्या संख्येवर ठरते. ब्लेस्टाचा स्रोत (मूळ कोड) बराचसा उघडा आहे आणि तो एकरकमी परवान्यावरही मिळतो.

दुसरे घराणे सर्वसाधारण हेल्पडेस्कचे. २००७ मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झालेले झेनडेस्क, २०१० मध्ये चेन्नईत सुरू झालेले फ्रेशडेस्क आणि चेन्नईच्याच झोहोचे झोहो डेस्क ही त्यांतील आपल्याकडे परिचित नावे. ही सॉफ्टवेअर देखणी आहेत, मोबाइल ॲप चांगले आहे, देखभाल आपल्या डोक्यावर नाही. परंतु त्यांना आपल्या ग्राहकाचा सर्व्हर कोणता हे माहीत नसते. ते कळावे म्हणून बिलाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी करावी लागते, आणि ही जोडणी एखाद्या अद्ययावतीकरणानंतर तुटली तर ती दुरुस्त कोण करणार, हे आधीच ठरवावे लागते.

तिसरे घराणे आपल्याच सर्व्हरवर बसवायच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे : पीएचपीवर चालणारी ओएसतिकीट आणि फ्रीस्काउट, रुबीवर चालणारे झॅमॅड, पर्लवर चालणारे आणि १९९०च्या दशकापासून टिकून असलेले रिक्वेस्ट ट्रॅकर. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण अद्ययावत करणे, बॅकअप घेणे आणि स्पॅम आवरणे हे काम कोणाच्या तरी पगारात मोजले गेले पाहिजे. होस्टिंगवाल्यांना सर्व्हर सांभाळता येतो म्हणून हे घराणे फुकट पडते असा समज आहे; दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्यात आपला सर्व्हर नेहमी शेवटी राहतो, हा माझा अनुभव.

माझे मत विचाराल, तर जो आधीच डब्ल्यूएचएमसीएस किंवा ब्लेस्टावर बिल करतो आणि ज्याच्याकडे पाचाहून कमी माणसे आहेत, त्याने त्यातलेच तिकीट वापरावे. जो अजून टॅलीत बिल करून नूतनीकरणाच्या तारखा वहीत लिहितो, त्याने हेल्पडेस्क घेण्याआधी बिल आणि नूतनीकरण एका जागी आणावे. कारण त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग तेथेच निर्माण होत असतो.

घराणे ठरल्यावर जागेचा प्रश्न येतो. हे सॉफ्टवेअर कोठे ठेवायचे? आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही ते ज्या सर्व्हरवर ग्राहकांच्या साईट होत्या त्याच सर्व्हरवर ठेवले होते, आणि आमचा सपोर्टचा मेलही तेथेच होता. मे महिन्यातील एका दुपारी त्या सर्व्हरची डिस्क गेली. ग्राहकांच्या साईट बंद, तक्रार नोंदवायचे पान बंद, मेल परत जात होते, आणि ग्राहकांचे फोन नंबरही त्याच बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होते. जुन्या बिलांच्या छापील प्रतींवरून आम्ही एकेकाला फोन लावले. तेव्हापासून आमचा नियम असा की तिकीट सॉफ्टवेअर, सपोर्टचा मेल आणि सद्यस्थिती सांगणारे पान हे तिन्ही ग्राहकांच्या सर्व्हरपासून वेगळ्या कंपनीकडे असावेत, आणि शक्य झाल्यास सद्यस्थितीच्या पानाचे डोमेनही वेगळे असावे. सर्व्हर बंद पडतो तोच आपल्या सपोर्टचा खरा कामाचा दिवस असतो, हे विक्रेत्याच्या कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

मेलचा भाग थोडा किचकट आहे, पण तो समजून घेतल्याशिवाय निवड पुरी होत नाही. तिकीट सॉफ्टवेअरपर्यंत मेल दोन वाटांनी पोहोचतो : एक तर मेल सर्व्हर आलेला प्रत्येक मेल तत्क्षणी सॉफ्टवेअरच्या हाती देतो, याला पाइपिंग म्हणतात, नाहीतर सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी पेटी उघडून पाहते. दुसऱ्या वाटेत साधा पासवर्ड वापरणारी जुनी सॉफ्टवेअर अडतात, कारण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या व्यावसायिक मेलवर अशी साधी ओळख बंद करायला घेतली. म्हणून ओऑथची, म्हणजे पासवर्ड न सोपवता परवानगी देण्याच्या पद्धतीची, सोय आहे का, हे विचारावे. आलेला मेल जुन्या तिकिटाला जोडायचा की नवे उघडायचे, हे सॉफ्टवेअर विषयातील क्रमांकावरून आणि मेलच्या मथळ्यात (हेडरमध्ये) दडलेल्या संदेश-क्रमांकावरून ठरवते. ग्राहकाने विषय पुसून टाकला की केवळ विषयावर विसंबणारे सॉफ्टवेअर एकाच तक्रारीची चार तिकिटे करते. याची परीक्षा घेणे सोपे आहे : चाचणीच्या खात्यावर एक मेल पाठवा, आलेल्या उत्तराला विषय बदलून उत्तर द्या आणि काय होते ते पाहा.

दुसरी परीक्षा दिवाळीची. ग्राहकाने "कार्यालय भाऊबीजेपर्यंत बंद आहे" असे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवलेले असते, आपले सॉफ्टवेअर "आपली तक्रार मिळाली" असे आपोआप उत्तर पाठवते, त्याला ग्राहकाकडून पुन्हा उत्तर येते, आणि सुट्टीवरून परतल्यावर शेकडो तिकिटे वाट पाहत असतात. यावर २००४ मध्येच मानक ठरले आहे : आपोआप गेलेल्या मेलच्या मथळ्यात "ऑटो-सबमिटेड" अशी खूण असावी आणि ती दिसली की दुसऱ्या यंत्राने उत्तर देऊ नये. ही खूण सॉफ्टवेअर लावते का आणि ओळखते का, हे तपासावे. आपली उत्तरे ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊ नयेत यासाठी मेल आपल्याकडूनच गेल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी डोमेनवर लावाव्यात, हे होस्टिंगवाल्यांना सांगायला नको. तरी आपल्याच सपोर्टच्या डोमेनवर त्या अर्धवट असल्याचे मी पाहिले आहे.

आपल्या भागातील एक अडचण मोठ्या शहरातील लेखांमध्ये सापडत नाही. डोमेन घेताना नोंदवलेला मेल पत्ता पुष्कळदा मालकाचा नसतोच. तो साईट बनवून देणाऱ्या भाच्याचा, नाहीतर नंतर शहर सोडून गेलेल्या संगणक क्लासच्या शिक्षकाचा असतो. मालक तक्रार करतात ते वेगळ्याच जीमेलवरून. सॉफ्टवेअरने नोंद नसलेल्या पत्त्यावरचे मेल सरसकट परत पाठवले तर खरा मालक बाहेर राहतो, आणि सगळे स्वीकारले तर कोणीही "मी अमुक पतसंस्थेचा व्यवस्थापक, पासवर्ड बदलून द्या" असे लिहू शकतो. म्हणून एका ग्राहकाखाली अनेक व्यक्ती नोंदवता याव्यात, कोणाला बिलाबद्दल विचारता येईल आणि कोणाला पासवर्ड बदलून मागता येईल हे वेगळे ठरवता यावे, आणि ओळख न पटलेल्या मेलवरील तिकीट ठळक वेगळे दिसावे, एवढी अपेक्षा ठेवलीच पाहिजे.

ओळखीइतकीच तिकिटातील गुपितांची काळजी घ्यावी लागते. ग्राहक तिकिटात पासवर्ड सरळ लिहितात आणि पडद्यांची चित्रे जोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओळख-व्यवस्थापन करणाऱ्या ऑक्टा या कंपनीच्या सपोर्टच्या प्रणालीतच घुसखोरी झाली आणि ग्राहकांनी दोष शोधण्यासाठी जोडलेल्या ब्राउझरच्या फाइलींतून त्यांच्या चालू लॉगिनच्या खुणा चोरल्या गेल्या. म्हणजे चोराला मुख्य दरवाजाकडे जावेच लागले नाही. पासवर्डसाठी वेगळी, सांकेतिक रूपात साठवली जाणारी जागा असणे, बंद झालेल्या तिकिटातील जोडपत्रे ठरावीक दिवसांनी पुसता येणे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला द्विस्तरीय लॉगिन सक्तीचे करता येणे, या तीन गोष्टी नसलेले सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

मराठीसाठी एक छोटी पण फसवी चाचणी आहे. आपला ग्राहक "नमस्कार" लिहितो आणि त्यापुढे हात जोडल्याचे चिन्ह टाकतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील "यूटीएफ८" नावाची जुनी पद्धत एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरी अक्षर तीन बाइटमध्ये मावते, ते चिन्ह मात्र चार बाइटांचे असते. त्यामुळे जुन्या किंवा जुन्यावरून नव्यावर आणलेल्या डेटाबेसमध्ये मजकूर "नमस्कार" या शब्दापाशीच तुटतो, किंवा साठवायलाच नकार मिळतो. एका सौजन्याच्या चिन्हाने सगळी तक्रार गिळून टाकावी आणि आपण ग्राहकाला "कृपया तपशील द्या" असे उत्तर पाठवावे, यापेक्षा वाईट उत्तर नसेल. डेटाबेस "यूटीएफ८एमबी४" पद्धतीचा आहे का ते पाहावे आणि हेच चिन्ह टाकून एक तिकीट उघडून बघावे.

फोन आणि व्हॉट्सॲप सोडा, असे खानदेशातील ग्राहकाला सांगण्यात अर्थ नाही. म्हणून फोन चालू असतानाच ग्राहकाच्या वतीने तिकीट उघडता आले पाहिजे. त्यासाठी आठ रकाने भरावे लागत असतील तर मुले ते भरणार नाहीत आणि आपण पुन्हा वहीवर येऊ. व्हॉट्सॲपची अधिकृत जोडणी मिळते, पण तिचा नियम ध्यानात ठेवावा : ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंतच मोकळेपणी लिहिता येते, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुराचा संदेश पाठवता येतो. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत आलेल्या संदेशाला दोन दिवसांनी उत्तर द्यायला बसलात तर ही खिडकी बंद झालेली असते.

खर्चाचा हिशेब घराण्यानुसार बदलतो. सर्वसाधारण हेल्पडेस्क दर माणशी दर महिना आकारतात. तीन पाळ्यांत तीन माणसे असतील आणि एका वेळी एकच बसत असेल, तरी तीन जणांचे पैसे पडतात. मग तिघे एकच लॉगिन वापरतात, आणि कोणी काय उत्तर दिले याची नोंद, जिच्यासाठी हे सगळे घेतले, तीच नाहीशी होते. परदेशी कंपनीकडून घेतले तर जीएसटी उलट आकारणीने आपणच भरायचा असतो, आणि कार्डावरून होणाऱ्या आपोआप वसुलीला १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आधी नोंदवलेली संमती लागते. १५,००० रुपयांवरील रकमेला दर वेळी ओटीपीही लागतो. वर्षाचे शुल्क अडले आणि मेल कोणी पाहिला नाही, तर हेल्पडेस्कच बंद होते. दर कायम राहतील असेही गृहीत धरू नये : २०१० मध्ये झेनडेस्कने दर वाढवले तेव्हाच्या ग्राहकांच्या नाराजीतूनच फ्रेशडेस्कची कल्पना पुढे आली, आणि २०१९ मध्ये सर्व्हरवरील खाती सांभाळण्याचे सॉफ्टवेअर देणाऱ्या सीपॅनेलने खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केल्याचे चटके आमच्यापैकी अनेकांना बसले आहेत.

कायद्याचा भाग थोडक्यात. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि प्रणालींचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. व्हीपीएस (आभासी खासगी सर्व्हर) देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवायची असते. "लक्षात आली" तो क्षण कोणता, हे सांगायला तिकिटावरील वेळेसारखा पुरावा नाही. म्हणून ती वेळ भारतीय प्रमाणवेळेत नीट दिसते का आणि ती कोणा कर्मचाऱ्याला मागाहून बदलता येते का, हे पाहून ठेवावे.

शेवटी चाचणी. बहुतेक सॉफ्टवेअर काही दिवस विनामूल्य वापरायला मिळते. त्यात विक्रेत्याने भरलेली नमुना तिकिटे पाहत बसू नये. आपल्याकडे गेल्या पंधरवड्यात आलेल्या खऱ्या तक्रारी, फोनवरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्याही, कागदावर उतरवाव्यात, ग्राहकांची नावे बदलावीत, आणि आपल्या सर्वांत नवख्या मुलाला त्या एकेक करून नोंदवायला व सोडवायला बसवावे. तो कोठे अडखळतो ते शेजारी बसून, काही न सांगता पाहावे. आम्ही हे केले तेव्हा आमच्या पसंतीचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच दिवशी बाद झाले, कारण आतली टीप आणि ग्राहकाला जाणारे उत्तर यांची बटणे त्यात इतकी जवळ होती की "हे गृहस्थ नेहमी बिल उशिरा भरतात" ही ओळ त्या मुलाच्या हातून ग्राहकाला पाठवली गेली. चाचणीचा ग्राहक मीच होतो, म्हणून निभावले. चाचणीच्या अखेरच्या दिवशी सगळी तिकिटे बाहेर काढून मागावीत आणि मिळालेली फाइल उघडून तिच्यात जोडपत्रे, आतल्या टिपा आणि मूळ तारखा आहेत का ते तपासावे. त्या नसतील तर तेथेच थांबावे आणि पैसे भरू नयेत.